साऱ्यायच्या वर्कशॉपमधला एक फोन : उचलन कोन, रिचार्ज भरन कोन अन् निरोप देईन कोन?

वखरवाला (सोमवार, रात्री ९:१२)

राम राम मंडळी, जरा लंबं लिहून रायलो, सवड असन तवा वाचजा.

आमचं गाव दारव्हा तालुक्यात, जिल्हा यवतमाळ. ग्रामपंचायतीचं जुनं गोडाऊन पडून होतं, तिथं गावकऱ्यायनं मिळून वर्कशॉप टाकलं. एका अंगाले वेल्डिंग, ग्राइंडर, ड्रिल, मधात सुतारकामाचं टेबल, अन् पल्याड प्लायचं पार्टिशन मारून बचत गटाच्या बायायच्या शिलाई मशीन. शिवाय अवजारं भाड्यानं जातात, पेरणीयंत्र, बीबीएफ (रुंद वाफे पाडून पेरनारं यंत्र), थ्रेशर, फवारणीचे पंप. मालक कोनी नाई, सारं वर्गणीवर अन् भाड्यावर. मशीनीचं वेळापत्रक बसलं, हिशोब बसला, झाडलोटीची पाळी पन बसली. एक फोन काही बसून नाई रायला.

फोन साधा बटनाचा, खिडकीत ठेवलेला. नंबर गेटवर पेंट केला, पावतीबुकावर छापला, आजूबाजूच्या गावाईत लोकायले तोंडपाठ आहे. आता होते काय का ग्राइंडर चालू असला की घंटी ऐकू येत नाई, अन् आली तरी जो तो समजते दुसरा उचलन. उचलला तं उचलनारा "हो हो सांगतो" म्हनते अन् आपल्या कामाले लागते. मागच्या सोयाबीनच्या टायमाले शेजारच्या गावच्या एका काकानं थ्रेशरसाठी फोन केला, आमच्याकडून कोनीतरी "उद्या सकाळी पाठवतो" म्हटलं, कोन म्हटलं ते आजपर्यंत कोनी कबूल केलं नाई. काका गंजीवरची ताडपत्री काढून सकाळपासून बसले, थ्रेशर दुसऱ्याच गावी, अन् दुपारून पाणी आलं. ते काका अजून आमच्या गेटपुढून जातात तं मान तिकडं करून जातात.

रिचार्ज वर्गणीतून होते. कॉल अनलिमिटेड म्हून पोट्टे फोन निंबाच्या झाडाखाली नेतात अन् बसतात बोलत, कोनाशी ते काही विचारू नका, तवर गिऱ्हाईकाले एंगेज लागते. सिम ज्याच्या नावावर आहे तो भाऊ चाकणले कंपनीत लागला, आता दिवाळीलेच दिसते. अन् मागच्या हप्त्यात नवीनच समजलं का गटातल्या काही बायायनं बँकेत, योजनेच्या फॉर्मवर, कुठं कुठं हाच नंबर देऊन ठेवला, म्हून ओटीपी बी इथंच येते.

तुमच्याकडं अशी सामाईक जागा असन, अवजार बँक, सुतारशाळा, डेअरी, काही बी, तं तिथला फोन कसा सांभाळता? गुरुवारी मीटिंग आहे. पेरणीच्या आधी हे निपटवायचं आहे, मिरग लागला का मंग कोनी मीटिंगले येत नाई.

बंड्या_ग्रीसवाला (सोमवार, रात्री ९:३०)

फोन विकून एक डफडं घ्या 😄 मजाक सोडा पन भौ, आजकाल ज्याच्या त्याच्या खिशात मोबाईल आहे, सामाईक फोन पायजेच कायले? अवजारवाल्याचा नंबर लिहा, वेल्डिंगवाल्याचा लिहा, शिलाईवालीचा लिहा, खेळ खतम.

वखरवाला (सोमवार, रात्री ९:४८)

ते करून पाह्यलं. पहिले बोर्डावर अवजारं पाहनाऱ्या भाऊचाच नंबर होता. पेरणीच्या दिवसाईत पहाटे पाचपासून फोन, त्याच्या घरी रोजची कटकट, वहिनीनं एक दिवस फोन पिठाच्या कोठीत टाकला. बरं तो सोयऱ्याकडं लग्नाले गेला का सारी बुकिंग त्याच्यासंगं लग्नाले. अन् खरी गोष्ट सांगू काय, मानूस फुटला का नंबर घेऊन फुटते. आमच्यातलाच एक वेल्डर वेगळा झाला, गिऱ्हाईक सारं त्याच्या मोबाईलवर होतं, तिकडंच गेलं. त्याचं काही चुकलं असं मी म्हनत नाई, नंबर त्याचाच होता. म्हून जागेचा नंबर जागेचाच पायजे, याच्यावर आमचं ठाम आहे.

लाइनमन_रिटायर (सोमवार, रात्री १०:२०)

नमस्कार. ही भानगड नवी नाही. मी टेलिफोन खात्यात होतो. सी-डॉट या सरकारी संस्थेची १२८ लाईनची छोटी एक्सचेंजं खेड्यापाड्यात बसली, त्यांना एसी लागत नसे म्हणून आपल्या उन्हाळ्यातही चालायची, तेव्हापासून पाहतोय. एका सोसायटीच्या सचिवानं फोनच्या डायलला छोटं कुलूप लावलं होतं, जुन्या लोकांना आठवत असेल ते कुलूप. गावची पोरं त्याच्याहून हुशार. रिसीव्हर उचलायचा आणि क्रेडलचं बटन टकटक दाबायचं, पाच पाहिजे तर पाचदा, शून्याला दहादा. डायल तरी काय करतो, ठरावीक वेळा लाईन तोडतो नि जोडतो, पोरं तेच बोटानं करायची. सचिव बिल पाहून कपाळाला हात लावायचा आणि कुलूप ओढून बघायचा, कुलूप जागेवरच!

घंटीचं म्हणाल तर लँडलाईनवर वाजायला एक्सचेंजकडून ७५ व्होल्टच्या आसपास एसी यायची, त्यामुळं तिच्यावरच दुसरी मोठी घंटा समांतर जोडता यायची, जिनिंगमध्ये आम्ही तशा लावून दिल्या आहेत, रेच्यांच्या, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रांच्या, आवाजातही ऐकू जायच्या. मोबाईलवर ते जमत नाही. सिमवर चालणारा टेबल फोन मिळतो, रिसीव्हरवाला, तो घ्या. आवाज मोठा असतो आणि मुख्य म्हणजे झाडाखाली नेऊन बोलायची सोय राहत नाही.

बाहेर जाणारे कॉल आवरायचे असतील तर बटनाच्या बऱ्याच फोनमध्ये सिक्युरिटीच्या सेटिंगमध्ये फिक्स्ड डायलिंग असतं. पिन-टू, म्हणजे सिमचा दुसरा गुप्त आकडा, टाकून चालू करायचं, मग यादीत घातलेले नंबर तेवढेच लागतात, येणाऱ्या कॉलला काही होत नाही आणि ११२ लागतोच. पिन-टू माहीत नसेल तर कंपनीला विचारा. अंदाजपंचे दाबू नका, तीनदा चुकला की लॉक होतो, मग तो उघडायच्या कोडसाठी, पुक-टूसाठी, फिरा.

शिवणताई (मंगळवार, सकाळी ७:०५)

वखरवाला भाऊ, तुम्ही एवढं लिहिलं पण एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली. ग्राइंडरवाल्याला घंटी ऐकू येत नाही, पण पार्टिशनच्या पल्याड बायांना ऐकू येते ना? मग उचलते कोण ते सांगा आधी.

आम्ही आर्वीकडच्या, आमच्याकडंही असंच शेड आहे. दोन सीझन फोन आम्हीच उचलला. हातातली शिवण सोडून उठायचं, पार्टिशन वळसून जायचं, आणि समोरच्याचं पहिलं वाक्य काय तर "कोनी मानूस नाई काय तठी?" अवजारांचं वेळापत्रक भिंतीवर लागलेलं असते, मला वाचता येते, बीबीएफ बुधवारी मोकळं आहे का शुक्रवारी ते मी सांगू शकते. पण नाही. "मानसाले द्या." मग मी ग्राइंडरपाशी जाऊन हातवारे करायचे, तो चष्मा काढणार, हात पुसणार, येईपर्यंत कॉल कट. मग तोच माणूस पुन्हा लावणार आणि पुन्हा मीच उठणार.

आमच्याकडं शिलाई नगावर असते, बसून राहिलं तर पैसे. पेरणीच्या दिवसांत फोनपायी जेवढं उठणं होते तेवढ्यात रोजचा एक ब्लाउज जातो, आणि वर निरोप चुकला तर बोल आम्हालाच. शेवटी मीटिंगमध्ये मी उभी राहिली आणि म्हटलं, फोन उचलणं हे काम आहे. झाडण्याची पाळी लावता, त्याला काम म्हणता, तर याला का नाही? खूप वेळ कोणी बोललंच नाही, मग एक काका म्हणाले की पोरगी बरोबर बोलून रायली.

आता पाळी आहे, बाया-माणसं सगळे. ज्याची पाळी त्याच्या गळ्यात पिशवी आणि पिशवीत फोन, खिडकीत ठेवायचाच नाही. खिडकीतला फोन कोणाचाच नसते. आणि त्या दिवशीचं मशीनभाडं त्याला माफ. वेल्डरची पाळी असली तर तो त्या दिवशी ग्राइंडर चालवत नाही, फिटिंगचं, रंगाचं काम करते. सुरुवातीला कुरकुर झाली, भाडं माफ आहे म्हटल्यावर पाळीसाठी भांडणं व्हायला लागली 😀

नागपूरकर_आयटीवाला (मंगळवार, सकाळी ९:४०)

इंटरेस्टिंग धागा. माझ्या मते हा प्रॉब्लेम टेक्नॉलॉजीनं सुटेल. एक व्हर्च्युअल नंबर घ्या, त्याच्यावर आयव्हीआर टाका, अवजारांसाठी १ दाबा, वेल्डिंगसाठी २ दाबा, कॉल आपोआप त्या त्या माणसाकडं जातील, रेकॉर्डही राहील. बुकिंगची ऑनलाइन शीट करा, सगळ्यांना शेअर करा.

बंड्या_ग्रीसवाला (मंगळवार, सकाळी ९:५२)

अन् पाणी पडाले आलं तं ३ दाबा 😂

मेळघाटी (मंगळवार, दुपारी १:१५)

आयटीवाले भाऊ, तुमचं भांडण फोन कोन उचलन याचं, आमचं फोनले रेंज कुठं भेटन याचं. आमी धारणीकडचे. बांबूकामाचं शेड आहे, रेंज फक्त एका कोपऱ्यात येते, तिथं वाशाले पिशवी टांगली अन् पिशवीत फोन. काढून हातात घेतला का कट. म्हून पिशवीतच ठेवून स्पीकरवर बोलायचं. त्याच्यानं खासगी बोलनं आपोआपच बंद झालं, सारं शेड ऐकते अन् मधात मधात सल्ले बी देते.

निरोपाचं म्हनाल तं आमच्याकडं अर्धे लोक घरी कोरकू बोलनारे, फोन करनारा परतवाड्याचा व्यापारी, तो घाईघाईनं बोलते. त्याच्यासाठी एकच नियम केला का निरोप घेतला का त्याच मानसाले परत म्हनून दाखवायचा. कोन, कोनतं गाव, काय पायजे, किती, कवा. टोपल्या का सुपं, याच्यातच पहिले घोळ व्हायचा. परत म्हनून दाखवला का तिथल्या तिथं तो म्हनते, अबे नाई, सुपं सुपं. तुमच्या थ्रेशरवाल्या काकाले कोनी "उद्या म्हंजे मंगळवारी सकाळी, थ्रेशर, तुमच्या वावरात" असं परत म्हनून दाखवलं असतं तं बोलता बोलताच त्याच्या ध्यानात आलं असतं का मंगळवारी थ्रेशर कुठं आहे ते.

लोहारदादा (मंगळवार, संध्याकाळी ६:३३)

सारे मोठमोठ्या गोष्टी सांगून रायले, मी बारकी सांगतो. फोन ग्राइंडरच्या अंगाले ठेवू नका. घासताना लोखंडाची बारीक भुकटी उडते, अन् फोनच्या स्पीकरात चुंबक असते. भुकटी जाळीवर येऊन बसते, निघत नाई. आवाज हळूहळू बारीक होते, लोक म्हनतात फोन खराब झाला, दुकानवाला म्हनते स्पीकर बदला. आमचावाला मी उन्हात नेऊन पाह्यला तं जाळीवर काळी मखमल लावल्यासारखी भुकटी उभी. ब्रश मारला तं आडवी होते फक्त. सेलोटेप चिकटवून सरळ वर ओढायची, तीन चार टेपा गेल्या का आवाज परत येते. फुंकू नका, आत जाते.

दुसरं, चार्जर वेल्डिंग मशीनच्या बोर्डावर लावू नका, आर्क मारला का लाईट मंद होते अन् परत झटक्यानं येते, चार्जर टिकत नाई. शिलाईकडच्या बोर्डावर लावा.

घंटी ऐकू याची आमची युक्ती अशी, फोन व्हायब्रेशनवर टाकून बिस्किटाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचा. असा ठणठणते का झोपलेला मानूस उठते. झाकण लावू नका मात्र, रेंज जाते.

वर्धेकर (मंगळवार, रात्री ८:५०)

आमच्याकडं तेलघाणी आणि सुतारशाळा मिळून एक फोन आहे. पाळीबिळी नाही, वही आहे. लांब हिशोबाची वही, तिच्यात रकाने : वेळ, गाव, नाव, काय पाहिजे, कोणाला सांगितलं, आणि शेवटी त्याची सही. सगळी मेख त्या शेवटच्या सहीत आहे. ज्याच्यासाठी निरोप आला त्यानं सही केली की निरोप त्याच्या डोक्यावर. सही नसेल तोवर उचलणाऱ्याच्या डोक्यावर. पहिल्या महिन्यात लोक म्हणाले ही काय सरकारी कटकट, पण मग एका दाराच्या ऑर्डरवरून भांडण झालं आणि वही उघडून पाहिली तर सही होती. त्या दिवसापासून कोणी कटकट म्हटलं नाही. पेन दोरीनं बांधा, नाहीतर पेनासाठी वेगळी मीटिंग घ्यावी लागेल.

थोडं अवांतर. फोनवरून आठवलं, सेवाग्रामला बापूंच्या दफ्तरात तो जुना टेलिफोन अजून ठेवलेला आहे, व्हाइसरॉय लिनलिथगोच्या काळात थेट बोलता यावं म्हणून बसवलेला. त्याच दफ्तरात साप पकडायचा चिमटाही आहे. आमच्या सुतारशाळेतली पोरं दर वेळी चिमटाच पाहतात, फोनकडं कोणी बघत नाही.

वखरवाला (मंगळवार, रात्री ९:३०)

साऱ्यायचे आभार. शिवणताई, तुमचं वाचून घरी विचारलं तं घरच्यानं सांगितलं का आमच्याकडं बी फोन बायाच उचलतात, अन् "मानसाले द्या" बी ऐकतात. मले कोनी सांगितलंच नव्हतं. पाळी अन् भाडं माफ हे गुरुवारी मांडतो.

आता सिमचं सांगा कोनी. अन् लाइनमन काका, ते फिक्स्ड डायलिंग मले पटलं, तेच करून टाकतो म्हंतो.

शिवणताई (मंगळवार, रात्री १०:०५)

भाऊ, ते लॉक लावण्याच्या आधी दोन मिनिटं ऐका.

पोट्टे झाडाखाली बोलतात ते तुम्हाला दिसते. आमच्या शेडमध्ये एक सून येते शिवायला, नाव गाव काही सांगत नाही. तिच्या घरी मोबाईल एकच, तो नवऱ्याच्या खिशात. माहेरी बोलायचं तर तो समोर बसणार. ती इथं आली की हप्त्यातून एकदा दुपारी आमच्या फोनवरून आईला फोन लावते, पाच-सात मिनिटं. यादीतलेच नंबर लागतील असं केलं तर पहिला कोणाचा नंबर कटेल? पोट्ट्यांकडं स्वतःचे मोबाईल आहेत, रिचार्ज संपला म्हणून ते आपला वापरतात, लॉक लागलं तर दुसऱ्याचा मागतील. तिच्याजवळ दुसरा नाही.

फालतू बोलणं कमी व्हावं हे मलाही वाटते, पण त्यासाठी पाळीवाल्याला अधिकार द्या की बाबा पुरे आता, गिऱ्हाईक खोळंबलं. आम्ही तेच करतो.

लाइनमन_रिटायर (बुधवार, सकाळी ६:४०)

ताई, तुमचा मुद्दा मान्य, पण संस्थेचा पैसा आहे, काही शिस्त नको का? आज पाच मिनिटं, उद्या पन्नास. त्या सुनेच्या आईचा नंबर यादीत घाला की, कोण अडवतंय.

शिवणताई (बुधवार, सकाळी ७:१२)

यादी कोण करणार काका? मीटिंगमध्ये नाव वाचून? म्हणजे तिनं चारचौघांत सांगायचं की घरी बोलू देत नाहीत.

मेळघाटी (बुधवार, सकाळी ८:००)

ताईचं बरोबर आहे. अन् पैशाचं म्हनाल तं कॉल अनलिमिटेडच आहे, दहा मिनिटं जास्त बोललं तं कंपनी जास्त घेत नाई. नुकसान फक्त एंगेज लागन्याचं आहे. दुपारून जेवनाच्या टायमाले कोन फोन करते, तवा बोलू द्या.

लाइनमन_रिटायर (बुधवार, सकाळी ८:४५)

ठीक आहे, लॉकवरून मी वाद घालत नाही, मीटिंगनं ठरवावं.

सिमचं सांगतो, ते जास्त महत्त्वाचं. ज्याच्या नावावर सिम त्याच्यावर जबाबदारी. उद्या त्या नंबरवरून कोणी काही उपद्व्याप केला तर पोलीस चाकणला त्या मुलाकडं जातील, तुमच्याकडं नाही. उलट त्यानं उद्या रागात डुप्लिकेट सिम काढलं तर तुमचा गेटवरचा नंबर त्याच्या खिशात. तो गावी आला की कंपनीच्या मोठ्या दुकानात दोघांनी जाऊन नावबदल करून घ्या, दोघांचंही केवायसी लागतं. संस्था नोंदणीकृत असेल तर संस्थेच्या नावावर बिझनेस कनेक्शन घेता येतं, पण तिथंही वापरणाऱ्या माणसाचं केवायसी द्यावं लागतं, नियम आता कडक झालेत. अध्यक्षाच्या नावावर घेणार असाल तर अध्यक्ष बदलला की नावबदल, हे ठरावातच लिहून ठेवा. सरकारच्या संचार साथी साइटवर आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत ते दिसतं, एका माणसाला नऊपर्यंत चालतात.

रिचार्जचंही पाहा. ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलून कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक ठेवायला लावलेत, मुदतही ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. बटनाच्या फोनला डेटा कशाला भरता? तुमच्या कंपनीचा वर्षाचा पॅक असेल तर वर्गणी गोळा झाली की एकदाच भरून टाका.

वर्धेकर (बुधवार, सकाळी ९:२०)

ओटीपीवर कोणी बोललं नाही अजून. वखरवाला भाऊ, हे सगळ्यात आधी निपटवा. सामाईक फोनवर ओटीपी येतो म्हणजे ज्याची पाळी त्याच्या हातात बायांच्या खात्याची किल्ली. तो माणूस चांगला असेल, पण "मी बँकेतून बोलतो, आलेला आकडा सांगा" म्हणणारा समोर असला तर? पाळीवाला बिचारा मदत म्हणून वाचून दाखवेल. फोनच्या पाठीमागं कागद चिकटवा, आलेला आकडा फोनवर कोणालाच सांगायचा नाही. आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० ला लावा, उद्यावर टाकू नका.

आणखी एक. नंबर काही कारणानं बंद पडला तर ९० दिवसांनंतर कंपनी तो दुसऱ्या कोणाला देऊ शकते. मग त्या बायांचे ओटीपी जाणार त्या अनोळखी माणसाकडं. बँक, आधार, शेतकरी ओळख क्रमांक, जिथं जिथं हा नंबर दिला तिथून काढून घरातल्या माणसाचा द्यायला लावा.

शिवणताई (बुधवार, सकाळी ९:४५)

घरातल्या माणसाचा म्हणजे नवऱ्याचा ना? म्हणून तर त्यांनी इथला दिला 🙂 आमच्या गटात तिघींनी मिळून विचार केला आणि ज्यांच्याकडं फोन नव्हता त्यांनी गटाच्या बचतीतून साधे फोन घेतले, हप्त्यानं फेडले, सिम ज्याच्या त्याच्या नावावर. पैसे फिटायला वेळ लागला पण नंबर स्वतःचा झाला.

नागपूरकर_आयटीवाला (बुधवार, दुपारी १२:१०)

आयव्हीआरवरून बरंच हसून झालं असेल तर एक कामाचं सांगतो 😊 याच नंबरवर व्हॉट्सअप बिझनेस टाका. त्यासाठी एखादा जुना स्मार्टफोन लागेल, नंबर पडताळताना तेवढा एसएमएस बटनाच्या फोनवर आला तरी चालतो. त्याला आणखी चार डिव्हाइस जोडता येतात, म्हणजे अवजारवाला, वेल्डर, शिलाईवाली आपापल्या मोबाईलवर तेच मेसेज पाहू शकतात. मात्र मुख्य फोन १४ दिवसांपेक्षा जास्त बंद राहिला तर जोडलेले सगळे लॉगआउट होतात. रात्री आलेल्या मेसेजला आपोआप उत्तर जाईल असं लावता येतं, "सकाळी आठनंतर कळवतो" वगैरे. टाइप न करणारे व्हॉइस मेसेज टाकतील. अवजाराचा तुटलेला भाग दाखवायचा असेल तर फोटो टाकतील, वेल्डरला आधीच कळेल काय आणायचं ते.

लोहारदादा (बुधवार, दुपारी १२:४०)

हे मात्र कामाचं. फनाचा फोटो पाह्यला असता तं मी परवा चुकीचा पाइप घेऊन गेलो नसतो. फोनवर तो म्हने "तेच ते, मागच्यावानी".

बंड्या_ग्रीसवाला (बुधवार, दुपारी १:०५)

पहिले तो एक रुपयाचा डबा असायचा ना पानठेल्यावर, रुपया टाका अन् बोला. तसा डबा ठेवा फोनपाशी. घरचं बोलायचं तं रुपया टाक.

वर्धेकर (बुधवार, दुपारी १:३०)

ठेवला होता. महिन्यानं उघडला तर निम्म्या शर्टाच्या गुंड्या. शिलाई विभाग शेजारीच होता, दुसरं काय होणार.

वखरवाला (शुक्रवार, रात्री १०:१५)

काल मीटिंग झाली. रात्री अकरापर्यंत चालली, लाईन गेली तं टॉर्चवर चालवली.

पाळी मंजूर, त्या दिवशीचं मशीनभाडं माफ. शिवणताईचं ब्लाउजचं गणित सांगितलं, त्याच्यावर बाया येवढ्या बोलायला लागल्या का अध्यक्षाले मधात थांबवा लागलं. सहीवाली वही उद्यापासून, पेन दोरीनं. निरोप परत म्हनून दाखवायचा, हे गेटच्या आतून पेंटनंच लिहून घेतो, अन् त्याच्याच खाली ११२, १०८, महावितरणचा १९१२, जनावरायचा १९६२, फसवणुकीचा १९३०. व्हॉट्सअपसाठी एका भाऊनं घरचा पडलेला स्मार्टफोन देतो म्हटलं, स्क्रीन फुटलेली आहे पन चालते म्हने. फोन दिवसभर शिलाईच्या अंगाले राहीन, ग्राइंडरपासून लंब.

चाकणचा भाऊ लग्नाले येऊन रायला, तवा नावबदल. ओटीपीसाठी गटाची वेगळी बैठक आहे, तिथं आमी मानसं जानार नाई, ते बायाच ठरवतीन.

लॉकवर मात्र जमलं नाई. निम्मे म्हनतात लावा, निम्मे म्हनतात लावू नका. ती सुनेची गोष्ट मी मांडली, नाव गाव काही नाई, तं एक जन म्हने आपल्या गावात असं कोनी नाई. त्याच्यावर मांगून एका आजीनं फक्त "हो काय रे?" येवढंच म्हटलं, अन् तो खाली बसला. पेरणी होईपर्यंत लॉक नाई, दुपारी एक ते दोन ज्याले बोलायचं त्यानं बोलावं, पोळ्यानंतर परत पाहू असं ठरलं. त्या थ्रेशरवाल्या काकाकडं अध्यक्ष अन् मी उद्या जाऊन येतो, यंदा थ्रेशर पहिले त्यायच्याकडं लावू म्हनून.

टेबल फोन घ्यायचं बी ठरलं, पोट्टा उद्या यवतमाळले चालला आनायले.

लाइनमन_रिटायर (शुक्रवार, रात्री १०:४०)

थांबवा त्याला. सिम कोणत्या कंपनीचं आहे ते आधी बघा. काही टेबल फोन फक्त टूजीचे असतात, आणि तुमच्या कंपनीचं टूजी नेटवर्कच नसेल तर सिम त्यात चालणारच नाही, नुसता शोपीस होईल. फोरजीवर कॉल होणारा आहे का हे दुकानात विचारायचं, आणि सिम सोबत नेऊन तिथंच एक कॉल लावून बघायचा. सिमचा साइजही पाहा, कधी कधी मोठं सिम लागतं, नॅनोला पट्टी घ्यावी लागते. बिल घ्या, वॉरंटीचा शिक्का मारून घ्या.

वखरवाला (शुक्रवार, रात्री १०:५२)

बरं झालं काका सांगितलं. तो पहाटेच्या गाडीनं निघते, आताच फोन लावतो त्याले.

वखरवाला (शुक्रवार, रात्री ११:०५)

त्याचा एंगेज लागून रायला.